जाहिरातलेखन : एक प्रात्यक्षिक

पदवीच्या वर्गाला उपयोजित मराठी शिकवताना ‘जाहिरातलेखन’ हे प्रकरण मी आजवर किमान बारा वेळा तरी शिकवले असेल. त्यातील मुद्दे आता वही न उघडता सांगता येतात : लक्ष वेधणारा मथळा, ग्राहकाच्या गरजेची जाण, मोजके शब्द, आवाहन, संपर्काचा तपशील. ‘एका व्यायामशाळेसाठी आकर्षक जाहिरात तयार करा’ हा प्रश्नही मी सराव परीक्षेत दोन-तीनदा विचारला आहे. या सर्व काळात मी स्वतः एकही जाहिरात लिहिलेली नव्हती, आणि त्यात मला काही वावगेही वाटले नव्हते. कविता शिकवणाऱ्याने कविता लिहिलीच पाहिजे असे थोडेच आहे, हा युक्तिवाद मराठीच्या प्राध्यापकांना नेहमीच उपयोगी पडतो.

दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी घरी आला. तीन-चार वर्षे ठाण्यात एका जिममध्ये प्रशिक्षक म्हणून काम करून तो जव्हारला परतला होता. बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर त्याने जागा घेतली होती, कर्ज काढून जुनी यंत्रे आणली होती आणि आता त्याला पत्रक छापायचे होते. ‘‘मॅडम, तुम्हीच लिहून द्या. तुम्हीच शिकवलंत ना. मला त्या प्रश्नाला दहापैकी सहा दिले होते तुम्ही,’’ तो म्हणाला. हे गुण त्याच्या लक्षात होते, माझ्या नव्हते.

नमुना म्हणून त्याने ठाण्यातले एक गुळगुळीत पत्रक आणले होते. पोट सुटले आहे का, दिवसभर खुर्चीत बसून कंटाळलात का, नव्वद दिवसांत नवे शरीर मिळवा, घाम गाळा. डावीकडे ढेरीवाला गृहस्थ, उजवीकडे तोच गृहस्थ ढेरीविना. ते वाचून मला हसू आले, आणि मग हसू येण्याचे कारण शोधताना ते मावळले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. या जाण्याला इथे ‘जगायला जाणे’ म्हणतात. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी हा शब्द रोजच्या वापरातला आहे. ज्या गावात माणसे घाम गाळण्यासाठी चार-सहा महिने घर सोडतात, त्या गावात ‘घाम गाळा’ ही हाक कोणाला घालायची? अर्थात बाजारपेठेत ढेऱ्या आहेत. दुकानदार आहेत, आम्ही मास्तरलोक आहोत, पंचायत समितीचे कर्मचारी आहेत. पण त्याचे गिऱ्हाईक प्रामुख्याने ते नव्हते. पहाटे हनुमान पॉइंटच्या रस्त्याने धावणारी, पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारी मुले त्याच्या डोळ्यांसमोर होती.

पहिला वाद नावावरून झाला. मला ‘व्यायामशाळा’ हवे होते. तो ‘जिम’वर ठाम होता. मी परभाषेच्या आक्रमणाविषयी दोन वाक्ये बोलले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, व्यायामशाळा म्हटलं की लोकांना ग्रामपंचायतीची वाटते. अनुदानाची. तिची फी कोणी देत नाही.’’ एका शब्दाच्या अर्थच्छटेचे इतके अचूक विवरण मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. ‘तालीम’ शब्दावर आम्ही थोडा विचार केला. तिला कुस्तीच्या मातीचा वास येतो आणि इथे माती नव्हती. ‘जिम’ राहिले.

मग माझ्या सवयीप्रमाणे मी संदर्भ शोधू लागले. (लिहिणे टाळण्याचा हा आम्हा प्राध्यापकांचा मान्यताप्राप्त मार्ग आहे.) शरीर कमावण्याची जाहिरात आपल्याकडे चांगली शंभर-सव्वाशे वर्षे जुनी निघते. युजीन सँडो हा प्रशियात जन्मलेला बलदंड गृहस्थ १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात आपले प्रयोग करून गेला. आज त्याचे नाव आपल्याकडे एका बनियनला उरले आहे, आणि ते बनियन घालणाऱ्या काटकुळ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. तळवलकरांची व्यायामशाळा मुंबईत १९३२ मध्ये निघाली, आणि पैसे मोजून व्यायाम करायचा असतो हे मराठी मध्यमवर्गाच्या गळी उतरवण्यात त्या नावाचा वाटा मोठा आहे.

मला स्वतःला सर्वांत रस वाटला तो औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींमध्ये. सूर्यनमस्काराचा एवढा चिकाटीचा प्रचारक दुसरा झाला नाही. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी १९३६ मध्ये लंडनमध्ये त्यांची मुलाखत घेतली, आणि त्यातून १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. राजेसाहेबांचा जन्म १८६८ चा. म्हणजे मुलाखतीच्या वेळी ते सुमारे अडुसष्ट वर्षांचे होते. नमस्कारांपासून ते ज्या फळांची ग्वाही देत, ती सगळीच आज कोणी मान्य करणार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद होती : पुरावा म्हणून दाखवलेले शरीर त्यांचे स्वतःचे होते, आणि वाचकाकडून ना फी हवी होती, ना यंत्र. मी मात्र ज्या जागेची थोरवी लिहायला बसले होते तेथे स्वतः पाऊलही टाकणार नव्हते, हे इथे कबूल केलेले बरे.

शेवटी मी पत्रक लिहिले. त्यात कालिदासाचे शरीरविषयक प्रसिद्ध वचन होते, सह्याद्रीचे कडे होते, घामाचे मोती होते. आणि अगदी मधोमध, ठळक टाइपात, माझ्या अभिमानाचे वाक्य : ‘येथे माणसाची उंची वाढते.’ हे सुचले तेव्हा मी उठून एक चहा घेतला. शरीर, चारित्र्य आणि आत्मविश्वास एका शब्दात बांधले गेले आहेत असे मला वाटले. विद्यार्थ्यालाही ते वाक्य फार आवडले. का आवडले, हे मी विचारले नाही. हजार प्रती गुलाबी कागदावर छापल्या गेल्या. आठवडे बाजारात वाटल्या गेल्या, एस.टी. स्टँडवर चिकटवल्या गेल्या, काही मोखाडा आणि खोडाळ्यापर्यंत पोचल्या.

जानेवारीत तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दारापाशी घुटमळत राहिला. मोखाडा तालुक्यातला, मागच्या बाकावर बसणारा, कधी प्रश्न न विचारणारा.

‘‘मॅडम, किती दिवसांत वाढते?’’

‘‘काय?’’

‘‘उंची. जिमच्या कागदावर तुम्ही लिहिलंय ना. सर म्हणाले, तुम्हीच लिहिलंय.’’

पोलीस शिपाई भरतीसाठी मुलांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. छातीचे त्याला जमत होते, धावण्याची तर चिंताच नव्हती. उंची १६३ भरत होती. ‘‘दोनच पाहिजे, मॅडम.’’ आईवडिलांनी भट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेल्या उचलीतून तीन महिन्यांची फी भरली होती, पंधराशे रुपये.

मी त्याला म्हणाले, अरे, तिथे उंची हा शब्द लाक्षणिक अर्थाने… आणि तिथेच थांबले. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती मी त्याला ऑगस्टमध्ये शिकवल्या होत्या. मुख्यार्थाला बाध आला की लक्षणा प्रवृत्त होते, असे त्याच्या वहीत माझ्याच शब्दांत लिहिलेले असणार. त्याच्या वाचनात मुख्यार्थाला बाध येण्याचे कारणच नव्हते. जिम आहे, यंत्रे आहेत, लोंबकळायला दांडी आहे, फी आहे, आणि लिहिणारी त्याच्या महाविद्यालयातली मॅडम आहे. मुख्यार्थ सुरळीत लागत होता. कवितेचा वाचक अर्थासाठी थांबून राहतो, कारण चुकले तरी त्याचे काही जात नाही. पंधराशे रुपये भरणारा वाचक शब्दावर शब्दशः विश्वास ठेवतो, आणि त्याने तसा ठेवावा म्हणूनच तर पत्रक छापतात. हे प्रकरण मी बारा वेळा शिकवले होते आणि पत्रक उभ्याउभ्या, गरजेपोटी, विश्वासाने वाचले जाते, ही साधी गोष्ट एकदाही बोलले नव्हते.

पण मला अधिक बोचले ते पुढचे. त्या मुलाची ही दोन सेंटिमीटर कुठे गेली असतील? एकट्या मुलाविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. घराण्याची ठेवणही असते. पण ज्या भागात तो वाढला त्याविषयी सांगता येते. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर गेले. २०१६ मध्ये मोखाड्यातील मृत्यूंनी तीच चर्चा पुन्हा झाली. जी मुले वाचली त्यांच्यातही भूक शिल्लक राहते. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजारेक दिवसांत पोषण तुटले, तर बुडालेल्या उंचीचा बराचसा भाग पुढे भरून येत नाही. तारुण्यात हाडांची टोके सांधली गेल्यावर तर कोणताही व्यायाम, कोणतीही दांडी, कोणतेही चूर्ण ती वाढवू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही मोखाड्यातील एका पाड्यावर होतो. अंगणवाडी सेविका मुलांच्या दंडाभोवती कागदी पट्टी गुंडाळत होत्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की पट्टीवर लाल रंग दिसतो. म्हणजे तीव्र कुपोषण. ते बाळ लाल रंगाच्या जरासे पुढे, पिवळ्यात होते, तर त्याच्या आईला हायसे वाटले होते. उंचीविषयी त्या मुलाशी बोलणे झाल्यावर मी प्रथमच जिमच्या माडीवर गेले. माझा विद्यार्थी शिंप्याची टेप घेऊन एकाचा दंड मोजत होता आणि वहीत लिहीत होता, साडेबारा इंच. सगळे त्याला चिडवत होते, हसत होते. मला काय बोलायचे होते ते काही क्षण सुचेना.

तसे पाहता कायद्याला ही फसवणूक ठाऊक आहे. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयी १९५४ चा जो अधिनियम आहे, त्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाबरोबर माणसाच्या उंचीचाही उल्लेख आहे. म्हणजे उंची वाढवून देणारे तेव्हाही होते. तो कायदा औषधांसाठी आणि गंडेदोऱ्यांसाठी आहे. जिमच्या पत्रकातले रूपक त्यात सापडायचे नाही.

विद्यार्थ्याने ऐकून घेतले. वाईट त्यालाही वाटले होते, पण त्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता होता आणि तो काही रूपकाने फिटणार नव्हता. ‘‘मॅडम, उंचीचं विचारायला आणखी सात-आठ जण आले होते,’’ तो म्हणाला. ‘‘मी कोणाला खोटं सांगितलं नाही. पण नाही म्हणूनही सांगितलं नाही.’’ त्या मुलाची फी परत करायला तो तयार होता. मुलगा परत घ्यायला तयार नव्हता, कारण सोळाशे मीटरची त्याची वेळ सुधारत चालली होती.

नवे पत्रक आम्ही तिघांनी तिथेच, वजनांच्या चकत्यांवर कागद ठेवून लिहिले. वरती जागा आणि वेळ, कारण माणूस प्रथम तेच शोधतो. त्याखाली महिन्याची फी, आकड्यात आणि अक्षरात. मग भरतीचा भाग : मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८००, दोघांसाठी १०० मीटर आणि गोळाफेक, दर सोमवारी वेळ आणि छाती मोजून वहीत नोंद. विशेषणे मी लिहीत गेले आणि मुलगा खोडत गेला; तीन महिन्यांत वर्गात न बोलला तेवढा तो त्या तासाभरात बोलला. महिलांसाठी दुपारची स्वतंत्र वेळ आणि तेव्हा दार आतून बंद राहील हे वाक्य मी सुचवले, आणि माझ्या सगळ्या लेखनात माझ्या मते तेवढेच धड होते. बाजारपेठेतल्या ढेऱ्यांसाठी एक ओळ : साखर किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून यावे.

आणि शेवटी : ‘व्यायामाने उंची वाढत नाही. उंची कमी पडत असल्यास वनरक्षक भरतीत अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना उंचीच्या अटीत सवलत आहे, तिची माहिती येथे विचारावी.’ यावर माझा विद्यार्थी बराच वेळ अडून बसला. स्वतःच्या दुकानावर कोणी ‘हे इथे मिळत नाही’ अशी पाटी लावते का, हा त्याचा प्रश्न होता, आणि जाहिरातलेखनाच्या माझ्या टिपणांप्रमाणे तो बरोबरच होता. मुलगा म्हणाला, ‘‘राहू द्या सर. हे वाचलं असतं तरी मी आलो असतो. पैसे एकाच महिन्याचे भरले असते.’’

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून मला फोन आला. मालक अदबीने विचारत होते, ‘‘मॅडम, मजकुरात एक चूक दिसतेय. उंची वाढत ‘नाही’ असं पडलंय. तो ‘नाही’ काढू ना?’’

राहू द्या, म्हणाले. पाचशे प्रती निघाल्या. गुलाबी कागद संपला होता, म्हणून पिवळ्यावर.