पऱ्हाट्यांचा दुसरा गुण

कापसाचा शेवटचा वेचा झाला की आदिलाबादच्या काळ्या रानांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. काही चुलीत जातात, काही कुंपणाला लागतात. उरलेल्या पेटवून दिल्या जातात. पैनगंगेपलीकडे यवतमाळच्या अंगालाही तोच रिवाज. पाण्यात विरघळलेले शिसे आणि कॅडमियम धरून ठेवण्याचा गुण याच काटक्यांत आहे, हे वाचनात आल्यापासून ते धुमसणारे ढीग मला पूर्वीच्या निर्विकारपणे पाहवत नाहीत.

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. निवळीचे बी माठाच्या आतून घासले की गाळ खाली बसतो. कतक वृक्षाचे, म्हणजे निवळीचेच, फळ पाणी निर्मळ करते खरे, पण नुसते नाव घेऊन नव्हे, असा टोला मनुस्मृतीनेही मारून ठेवला आहे. शिशाची गोष्ट मात्र निराळी. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. एवढ्याशा विषाला गाळणीचे फडके काय करणार?

पऱ्हाटी, तुराटी, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले या सर्वांच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोज आणि लिग्निन असते. त्यांवरील काही रासायनिक गट आपल्याजवळचा हायड्रोजन वा कॅल्शियम सोडून देतात आणि त्या जागी धातूला चिकटवून घेतात. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनच गर्दी करतो आणि धातूला जागा उरत नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि दाण्यांतून माणसांच्या हाडांपर्यंत पोहोचले. १९६८ साली तेथील सरकारने त्या रोगाचे कारण मान्य केले. त्याच भाताचे तूस आज प्रयोगशाळांत कॅडमियम टिपण्यासाठी वापरले जाते, याचे मला नवल वाटते.

तरीही कोणी माठात पऱ्हाटीचा भुगा टाकून निश्चिंत होऊ नये. कच्चा भुगा पाण्याला रंग आणि वास देतो. तो धुवावा लागतो, पुष्कळदा त्यावर अल्क किंवा आम्लाची प्रक्रिया करावी लागते. शिवाय त्याची धारणशक्ती केव्हा संपली, हे तपासणीवाचून समजत नाही. खरी अडचण त्याही पुढची. शिसे भरलेला भुगा टाकायचा कोठे? उकिरड्यावर टाकला तर पावसात शिसे पुन्हा झिरपणार. चुलीत घातला तर काही धुरात, बाकीचे राखेत, आणि ती राख आपण परसातल्या वांग्यांना घालणार! आम्लाने धुतल्यास धातू सुटतो व भुगा पुन्हा वापरता येतो, पण ते धुवण सांभाळायलाही जाणता माणूस हवा.

म्हणून मला या काटक्यांची जागा स्वयंपाकघरापेक्षा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत अधिक योग्य वाटते. तेथे मोजमाप होऊ शकते, भुगा जपून ठेवता येतो. घरच्या विहिरीचे पाणी मात्र आधी तपासून घ्यावे. जवळपास जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात असतील, तर विनाविलंब.