यंत्र मिळतं, माणूस मिळत नाही

गेली नऊ वर्षं मी एका विद्यापीठात प्रकाशशास्त्र आणि फोटॉनिक्सचं संशोधन केंद्र चालवतो. नातेवाईक विचारतात, "म्हणजे चष्म्याचंच काम ना?" अब्बांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे त्यांचा प्रश्न साहजिक आहे. मी हो म्हणतो. भिंग, आरसा आणि प्रकाश, दुकानातही तेच होतं आणि इथेही तेच आहे. फरक इतकाच की दुकानात गिऱ्हाईक येऊन सांगायचं, नीट दिसत नाही. इथे प्रकाश नीट का जात नाही, ते आपणच शोधायचं.

आमचं केंद्र मोठं नाही. तळमजल्यावर चार खोल्या आहेत. तळमजला मुद्दाम मागून घेतला, कारण वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी प्रयोग हलतो. आमच्या लाल लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नाही. प्रयोगात आरसा तेवढ्याच्या काही अंशाने जरी थरथरला तरी पडद्यावरचे पट्टे पुसले जातात. म्हणून टेबल हवेच्या पायांवर तरंगतं ठेवलेलं असतं. मुलं इथे ऑप्टिकल फायबरचे सेन्सर बनवतात. सध्याचं काम उसाच्या रसातलं साखरेचं प्रमाण कारखान्यात चालू नळीतच मोजण्याचं आहे. रस जितका दाट तितका प्रकाश जास्त वळतो, इतकी साधी गोष्ट. प्रकाश किती वळेल याचा नियम बगदादच्या इब्न सहल यांनी इसवी सन ९८४च्या सुमारास भूमितीतून मांडला होता. युरोपात तो स्नेलच्या नावाने १६२१मध्ये आला.

आता केंद्र "चालवणं" म्हणजे काय ते सांगतो. लोकांना वाटतं, संचालक अंधाऱ्या खोलीत लेझरसमोर उभा असतो. मी बहुतेक वेळ फायलीसमोर असतो. अनुदानाचा प्रस्ताव लिहायचा, मंजूर झाला की जेम पोर्टलवर वस्तू शोधायची, नाही मिळाली तर दरपत्रकं मागवायची, मग खरेदी समिती, मग लेखा विभाग. पैसे जानेवारीत येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे सगळ्याच विभागांचं दुखणं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. या सगळ्या व्यवस्थेत यंत्र विकत घेण्यासाठी रकाना आहे. ते यंत्र जिवंत ठेवणाऱ्या माणसासाठी रकाना नाही.

आमच्याकडे असा एक माणूस होता. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आडनावाने हाक मारणारे फक्त आस्थापना विभागातले. शिक्षण दहावी आणि त्यापुढे आयटीआय. घरात घड्याळं दुरुस्तीचा धंदा होता, त्यामुळे बोटांना सवय लहानपणापासूनची. पदनाम "प्रयोगशाळा सहायक". म्हणजे कागदोपत्री टेबल पुसायचं आणि रजिस्टर ठेवायचं.

चाचांना काय येत होतं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या भिंगांना बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती पसरते आणि वरचा लेप खाते, मग ते भिंग कामातून जातं. चाचांनी प्रत्येक लोखंडी कपाटात खाली एक छोटा पिवळा बल्ब लावून ठेवला होता, मृगापासून दसऱ्यापर्यंत रात्रंदिवस चालू. बल्बची ऊब ओल धरू देत नाही. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की ते ओव्हनमध्ये भाजून पुन्हा ठेवायचे.

आरसा पुसायची त्यांची पद्धत मी बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, म्हणजे धुळीचा कण घासला जाणार नाही. मग भिंगाचा पातळ कागद आरशावर अलगद टाकायचा, त्यावर मिथेनॉलचा एक थेंब सोडायचा आणि कागद एकाच दिशेने, एकदाच ओढून घ्यायचा. तो कागद लगेच फेकायचा. नवीन मुलगा रुमाल काढताना दिसला की ते लांबूनच ओरडायचे, "बेटा, हात नको लगाव!"

आणि लेझर सरळ रेषेत आणणं. दोन आरसे, दोन बारीक छिद्रं. पहिल्या आरशाने जवळच्या छिद्रात झोत आणायचा, दुसऱ्याने लांबच्या. दुसरा हलवला की पहिलं बिघडतं, म्हणून पुन्हा पहिला. असं पुढेमागे करत दोन्ही छिद्रांतून झोत पार होतो. पुस्तकात हे चार ओळींत आहे. पण एकेरी फायबरचा गाभा जेमतेम आठ-नऊ मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्शाएवढा. त्यात झोत शिरवायला पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्याला पंधरा दिवस लागतात. चाचा वीस मिनिटांत करायचे. रमजानमध्ये मगरिबच्या आधी झोत बसवून घ्यायचे आणि लेझर स्थिर होईपर्यंत बाहेरच्या खोलीत खजूर काढायचे. सोबत सगळी पोरं असायची, रोजा असलेली आणि नसलेली.

तीन वर्षांपूर्वी चाचा सेवानिवृत्त झाले. पद भरावं म्हणून मी एक वर्ष आधी अर्ज केला होता. उत्तर आलं, नव्या आकृतिबंधात हे पद नाही, व्यपगत झालं आहे. बाह्यस्रोतातून माणूस घ्या, अकरा महिन्यांसाठी. दोन जण येऊन गेले. दोघंही हुशार होती, पण हात बसायला दोन वर्षं लागतात आणि करार अकरा महिन्यांचा.

याच काळात अनुदान मात्र येत राहिलं. चांगली यंत्रं मिळाली. फायबर जोडण्याचं एक आलं, वर्णपटमापक आला. उद्घाटनाला फीत कापली, फोटो वर्तमानपत्रात आले. त्यातलं एक यंत्र सात महिने बंद होतं, कारण वार्षिक देखभाल कराराचे पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे यावर फाइल फिरत होती.

आमच्या शास्त्राच्या इतिहासात चाचांसारखी माणसं जागोजागी आहेत, फक्त ठळक अक्षरात नाहीत. १९०७मध्ये अर्थखात्यातले तरुण अधिकारी सी. व्ही. रामन कलकत्त्यात बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशनच्या दारात गेले, तेव्हा दार उघडलं ते आशुतोष डे या मदतनिसाने. पुढे वर्षानुवर्षं हे आशुबाबू रामन यांच्या प्रयोगांत हाताशी होते. २८ फेब्रुवारी आपण विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत आशुबाबूंचं नाव मी क्वचितच ऐकलं.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचं. १९८७मध्ये डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अर्बियम मिसळलेल्या फायबरचा वर्धक तयार केला. समुद्राखालून जाणारं आजचं इंटरनेट त्या वर्धकांवर उभं आहे. ३० ऑक्टोबर २००५ला तिथल्या माउंटबॅटन इमारतीला आग लागली. क्लीनरूम आणि फायबर बनवण्याच्या सोयी जळून गेल्या. वर्षानुवर्षं जमवलेलं एका रात्रीत संपलं. पण काचेची कांडी २००० अंशांच्या आसपास तापवून तिचा केसासारखा धागा कसा ओढायचा, हे ज्यांना येत होतं ती माणसं शाबूत होती. त्याच जागी, त्याच नावाची नवी इमारत उभी राहिली आणि केंद्र पुन्हा चालू झालं. आमच्याकडे उलटं आहे. इमारत उभी आहे, यंत्रं चकचकीत आहेत, आणि येत असलेली माणसं आम्ही नियमानुसार घरी पाठवतो.

आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत मला बऱ्याचदा बोलावतात. विषय ठरलेला असतो, इब्न अल-हैसम. २०१५ला संयुक्त राष्ट्रसंघाने प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं केलं, त्यात 'किताब अल-मनाजिर'च्या हजार वर्षांचीही आठवण ठेवली गेली, तेव्हापासून तर जास्तच. मी जातो. टाळ्या पडतात, "आपल्या लोकांनी सगळं आधीच शोधलं होतं" असं अध्यक्ष म्हणतात. मला अशा वेळी त्या ग्रंथाचा चौथा भाग आठवतो. तो परावर्तनावर आहे. त्यात प्रयोगासाठी लागणारं उपकरण कसं बनवायचं ते बारकाईने दिलं आहे, कोणता भाग कशाचा, केवढ्या मापाचा, आरसे कसे बसवायचे. हे लिहिणाऱ्याला कारागिराच्या हाताची किंमत ठाऊक होती. त्या हैसमचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरांत घड्याळवाला, चष्मेवाला, मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा मात्र "शिकला नाही" म्हणून मान खाली घालून बसतो.

सध्या चाचांचं काम एक मुलगी करते. टेम्पोचालकाची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, माझ्याकडे पीएच.डी. करते. चाचांनी शेवटची दोन वर्षं तिला शेजारी उभं करून शिकवलं. बल्ब ती बदलते, जेल ती भाजते, नव्या पोरांना झोत बसवून ती देते. यात तिचा स्वतःचा प्रबंध मागे पडतोय. डिसेंबरमध्ये तो सादर झालाच पाहिजे, नाहीतर तिची शिष्यवृत्ती संपेल. म्हणून जूनपासून मी तिला या कामातून मोकळं केलं. ती नाराज झाली. म्हणाली, "सर, मग कपाटं कोण बघणार?"

त्याच महिन्यात मी आणखी एक निर्णय घेतला. कायम तंत्रज्ञ मिळेपर्यंत केंद्र नव्या यंत्रासाठी प्रस्ताव पाठवणार नाही. सहकाऱ्यांना हे आवडलेलं नाही. क्रमवारीत अनुदानाचा आकडा मोजला जातो, तो यंदा घसरेल. एका सहकाऱ्याने स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा संचालक येईल आणि तो प्रस्ताव पाठवेल. तसं होऊही शकतं.

तोवर जे हातात आहे ते करतोय. चाचा दर शनिवारी स्वखुशीने येतात, मानधनाची फाइल अजून खालीच आहे. शहरातल्या आयटीआयची सात मुलं आणि तीन मुली त्यांच्याकडे आरसा पुसायला, फायबर कापायला, झोत बसवायला शिकतात. प्रमाणपत्र आम्ही देऊ शकत नाही, कारण तसा अभ्यासक्रम मंजूर नाही. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात बारीक कामाचा हात असलेलं कुणी असेल तर पाठवा. दहावीच्या टक्क्यांची अट नाही. येताना फक्त रुमाल घरी ठेवायला सांगा.