प्लॅस्टिकची मोड

मोडीवर आम्हां मध्यमवर्गीयांचा भारी भरवसा. तांब्याची घागर चेपली, पितळेच्या पातेल्याला भोक पडले, तरी घरात कोणी फारसे हळहळत नाही. 'मोड येईल की!' एवढ्यावर समाधान. आणि तो भरवसा खराही आहे. आजीच्या पाटल्या आटवून सुनेच्या बांगड्या केल्या, पुढे त्या आटवून नातीचा गोफ केला, तरी सोने ते सोनेच. त्याला वय म्हणून नाही. हाच न्याय आपण प्लॅस्टिकलाही लावतो. बादली फुटली? भंगारवाला नेईल, कुठेतरी वितळवतील, पुन्हा बादली होईल.

माझ्या भाच्याचा वसईला जुन्या प्लॅस्टिकचा लहानसा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस त्याच्याकडे राहिलो, तेव्हा प्लॅस्टिकचे म्हातारपण मी जवळून पाहिले.

त्याने माझ्यापुढे दोन बादल्या ठेवल्या. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्या, दोन्ही मूळच्या निळ्या. एकीचा जन्म न्हाणीघरात गेलेला, दुसरीचा गच्चीवर. गच्चीवरचीवरून बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागली. कान जरा पिरगाळला, तो तुकडाच हातात आला.

"मामा, यात लांबच लांब साखळ्या असतात," भाचा म्हणाला. "शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून बादली चिवट. ऊन आणि प्राणवायू मिळून त्या तोडतात. शेवयांचा चुरा झाला की गुंता कसला?"

अशा साखळ्या शिस्तीने जोडण्याची युक्ती काढल्याबद्दल झीग्लर आणि नात्ता यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इथे त्या माझ्या बोटांवरून झडत होत्या. बरे, वितळवायचे म्हणजे २०० अंशांच्या वर तापवायचे; त्या आचेतही काही साखळ्या तुटतातच. म्हणजे पुनर्जन्म घेतानाच आयुष्य आणखी घटायचे! अशा मालाचा रस पिठले पातळ व्हावे तसा धावतो. त्यावर भाचा कोरा दाणा मिसळतो, साखळ्या राखणारी औषधे घालतो. औषधाने दुखणे थोपते. गेलेले वय काही परत येत नाही.

पण वयापेक्षाही संगत वाईट. तिथे पाण्याचा एक मोठा हौद आहे. त्यात बाटल्यांचा चुरा टाकला की झाकणांचे तुकडे तरंगतात आणि बाटलीचे पीईटी बुडते. काम किती सोपे, असे वाटते. पण पीव्हीसीदेखील बुडते, आणि दिसायला तेही काचेसारखे नितळ असू शकते. पीईटी वितळवायला २५० अंशांच्या आसपास आच लागते. तेवढ्यात पीव्हीसी करपते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या पीईटीच्या साखळ्या तोडते. माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके दिसतात. हंडाभर दुधात लिंबाचे चार थेंब!

हे लिंबू येते कुठून? तिथे माल निवडणाऱ्या एक बाई आहेत. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणतो. तुकडा कानाजवळ वाकवून नुसत्या आवाजावरून त्या जात सांगतात. शंका आली तर कडेला काडी लावतात. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिएथिलीन. नाकाला झोंबले आणि ज्योत आपोआप विझली तर पीव्हीसी. मी विचारल्यावर त्यांनी एक चेपलेली बाटली उचलली आणि तिच्या तोंडातून औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे ओढून काढली. एक, दोन, पाच.

"चांगल्या घरचा कचरा आहे बघा. जागा वाचवायला बाटलीत कोंबतात. ही पारदर्शक बाजू पीव्हीसीची."

त्याच महिन्यात सूत काढणाऱ्याने भाच्याचा माल परत पाठवला होता. ठिपक्यापाशी धागा तुटत होता. सारे ढीग पुन्हा निवडायचे होते. मजुरी किलोवर, आणि परत आलेल्या मालाचे किलो दुसऱ्यांदा मोजत नाहीत. भाचा माझा असला, तरी हे मला पटले नाही, आणि मी तसे तोंडावर बोललो.

"मामा, मला तरी कोण दुसऱ्यांदा मोजून देतो?" तो म्हणाला. पण मावशी ऐकत होत्या हे पाहून त्याने खालची मान वर केली नाही. संध्याकाळी त्याने वही काढून काही आकडे मांडले. काय ठरले ते मी विचारले नाही.

रंगीबेरंगी, म्हाताऱ्या बादल्यांच्या दाण्यात काजळी घालतात. काळ्या रंगात सगळे रंग झाकतात, शिवाय काजळी उन्हालाही अडवते.

"आणि काळ्यानंतर?" मी विचारले.

"काळ्यानंतर सिमेंटच्या कारखान्याची भट्टी, मामा. जळण म्हणून. आणि पीव्हीसी त्या भट्टीलाही नको असतं," असे म्हणून तो चहा सांगायला आत गेला.