विसराळू दुकानदार

दुकानदाराची खरी पुंजी कोणती, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक भांडवल, माल आणि मोक्याची जागा ह्यांची नावे घेतील. आमच्या मते ह्या तिहींच्या आधी त्याच्या स्मरणशक्तीचा मान आहे. पेठेतील कापडवाला घडीमागून घडी उलगडीत असता, गिऱ्हाइकाने पहिल्या वाक्यात काय मागितले हे शेवटपर्यंत विसरत नाही. 'रंग जांभळा, किंमत पंधरा हजारांच्या आत' एवढे एकदा सांगितले की पुढचे प्रत्येक लुगडे त्या दोन अटींच्या चाळणीतूनच आपल्यापुढे येते. ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की तिच्याबद्दल कोणी त्याचे आभार मानीत नाही.

परवा आमच्या घरी लग्नकार्य निघाले आणि ह्या सद्गुणाचा अभाव म्हणजे काय ते आम्हांस पाहावयास मिळाले. घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून पैठणीचा शोध एका ऑनलाइन दुकानात सुरू झाला. शब्द लिहिला, रंग निवडला, किंमतीची मर्यादा घातली. पहिले पान मोठे मनाजोगते निघाले. परंतु दुसरे पान उघडताच सगळ्या अटी गळून पडल्या, आणि जांभळ्या पैठण्यांच्या जागी पुरुषांचे सदरे व मुलांची झबली आमच्याकडे पाहू लागली! संगणकाच्या व्यवसायात असलेले आमचे चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, दुकान विसरले असे नाही. दुसऱ्या पानाला तुमचा निरोप कोणी पोहोचवलाच नाही."

ह्या उत्तरात बरेच तथ्य आहे. १९८९ साली जिनेव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी ज्या माहितीच्या जाळ्याची योजना मांडली, त्याच्या देवघेवीचा नियम असा ठरला की प्रत्येक मागणी स्वतंत्र समजावी. पान मागितले, पान दिले, व्यवहार संपला. मागणारा क्षणापूर्वी कोण होता, ह्याची नोंद ठेवण्याचे बंधन देणाऱ्यावर नाही. शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचावयाची होती. तेथे हा विसराळूपणा सोयीचाच होता, कारण ज्याला काही लक्षात ठेवावयाचे नाही तो पुष्कळांची सेवा करू शकतो. अडचण आली ती वाचनालयाचे दुकान झाले तेव्हा.

विसराळू माणसाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याच्या हाती दर वेळी चिठ्ठी द्यावी लागते. पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जी लांबलचक शेपटी दिसते, ती हीच चिठ्ठी. अटीचे नाव, बरोबरीचे चिन्ह, मग तिचे मूल्य, अशा जोड्या तीत ओळीने मांडलेल्या असतात. आपली मराठी मात्र तेथे ओळखू येत नाही. 'पैठणी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. यंत्र मात्रा व वेलांटी वेगळी मोजून त्याचे पाच वर्ण करते, प्रत्येक वर्णाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा. एकूण ४५ चिन्हे! तथापि ह्या उघड्या चिठ्ठीचा एक गुण मोठा आहे. तोच पत्ता नागपूरच्या वहिनींस पाठविला की त्यांच्यापुढेही तेच फडताळ उघडते.

दुसरी रीत चिठ्ठी पानातच लपवून ठेवण्याची. परंतु लपविलेली चिठ्ठीही गिऱ्हाइकाच्याच हातून परत यावयाची. गेल्या शतकाच्या अखेरीस काही दुकानांनी वस्तूची किंमतसुद्धा अशा गुप्त चौकटीत ठेवली होती, आणि चतुर गिऱ्हाइकांना ती बदलून वस्तू मातीमोलाने मागविणे शक्य होते. गिऱ्हाइकाला काय हवे ते चिठ्ठीत वाचावे, भाव मात्र आपल्या वहीत पाहावा, हा प्रत्येक वाण्यास ठाऊक असलेला धडा ह्या विद्वानांस नव्याने शिकावा लागला.

तिसरी युक्ती १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली ह्यांनी काढली. अर्धवट राहिलेल्या खरेदीची आठवण दुकानाच्या यंत्राने न ठेवता गिऱ्हाइकाच्या यंत्राने ठेवावी, अशी एका ग्राहक कंपनीची इच्छा होती. हीच ती कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी तिची योजना समजावी. आज बिल्ल्यावर बहुधा नुसता क्रमांक असतो. चपला आतच राहतात.

पण वाचकहो, बिल्ला एकदा हाती दिला की तो कोठे कोठे ओळखला जाईल, हे सांगता येत नाही. आमच्या परिचयातील एका घरी पाळणा हलण्याची आशा होती. सुनेने हौसेने दुपटी पाहिली, पाळणे पाहिले. पाचव्या महिन्यात ती आशा मावळली. त्यानंतर कित्येक आठवडे, वर्तमानपत्र वाचावयास उघडले तरी कडेच्या जाहिरातीत पाळणा येई. सासूबाईंनी अखेर तिच्या हातून यंत्र काढून घेतले. पेठेतील दुकानदारालाही तिची दुपटी आठवली असती. परंतु तिचा चेहरा पाहून त्याने हिशेबाची वही मिटली असती.

पहिल्या दुकानाच्या विसराळूपणाने आमची एक संध्याकाळ गेली, एवढेच. ह्या दुसऱ्या दुकानाच्या स्मरणशक्तीने एका मुलीची जखम भरू दिली नाही. म्हणून आमचे मागणे साधे आहे. आमच्या अटी एका पानावरून दुसऱ्यावर निमूटपणे न्याव्यात, आणि काम आटोपल्यावर त्या पुसून टाकाव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली आपल्या देशात जो कायदा झाला, त्यानेही संमती परत घेतल्यास किंवा हेतू सरल्यास माहिती पुसण्याचे तत्त्व मान्य केले आहे. गिऱ्हाइकाने काय मागितले हे ध्यानात ठेवणे हा धंदा आहे. त्यातले काय पुन्हा बोलू नये हे ओळखणे ही माणुसकी आहे. पहिली गोष्ट यंत्रांना शिकविण्यात पुष्कळ बुद्धी खर्च झाली. दुसरीसाठी तिचा थोडा अंश तरी राखून ठेवावयास हवा.