दोन विमानांमधली वाट

बार्शीच्या माणसाला गाडी बदलण्याच्या गोष्टी कोणी सांगू नयेत. १८९७ साली सुरू झालेली आमची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून चाले, आणि मुंबईची मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांवरून. ही दोन घराणी कुर्डुवाडीला एकमेकांना भेटत. पण छोटीला उशीर झाला म्हणून मोठीने तिच्यासाठी खोळंबून राहावे, इतकी काही त्यांची सोयरीक नव्हती. माझ्या वडिलांचा म्हणून एक नियम होता. मोठ्या गाडीला गाठ घालून देणारी छोटी गाडी पकडायची नाही. तिच्या आधीची पकडायची. त्यापायी आम्हां भावंडांची निम्मी सुट्टी कुर्डुवाडीच्या फलाटावर, वळकटीवर बसून, दशम्या खाण्यात गेली असेल. आम्ही त्यांना हसत असू. पुढे रूळ रुंद झाले, छोटी गाडी गेली, आणि तिच्याबरोबर तो नियमही मी विसरून गेलो.

त्याची आठवण झाली ती थेट लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, २०२४ च्या मे महिन्यात.

बरोबर आत्या होती. वय बहात्तर, गुडघे त्याहून चार वर्षांनी वडील. तिची लेक बॉस्टनला असते. तिचे दिवस भरत आले होते, आणि आत्या बाळंतपणाला निघाली होती. एकटीने तिला पाठवणे कोणाला धीराचे वाटेना, मला कॉलेजची सुट्टी होती, तेव्हा सोबतीला मी. तिकिटे काढण्याचे कामही मीच अंगावर घेतले. लंडनला विमान बदलायचे होते आणि पुढे दोन पर्याय होते : एकात दोन विमानांमध्ये एक तास चाळीस मिनिटे, दुसऱ्यात पाच तास. बॉस्टनहून जावईबापूंनी कळवले, "पाच तासांचे घ्या." मी मनात म्हटले, अमेरिकेत राहून माणूस फार सावध होतो. पाच तास नुसते बसून काय करायचे? मी एक तास चाळीस मिनिटांचे घेतले आणि वेळ वाचवल्याच्या आनंदात महिनाभर वावरलो.

माझे एक समर्थन होते. प्रत्येक विमानतळाचे, त्यातल्या प्रत्येक टर्मिनलचे, विमान बदलण्याला लागणारे किमान अंतर मिनिटांत ठरवलेले असते. ते विमान कंपन्यांच्या संगणकांत भरलेले असते, आणि त्याहून कमी अवधी उरत असेल तर संगणक ती दोन विमाने एका तिकिटात जोडूनच देत नाही. आपल्याला तर तिकीट मिळाले. अर्थात अवधी पुरेसा असणार! 'किमान' आणि 'पुरेसा' या दोन शब्दांतला फरक वर्गात घसा कोरडा करून सांगणाऱ्या माणसाने हा निष्कर्ष काढावा, याला काय म्हणावे? शिवाय ते किमान अंतर धडधाकट पायांचे असते. आत्याचे गुडघे कोणत्याही संगणकात भरलेले नव्हते.

मुंबईहून विमान अर्धा तास उशिरा उठले. वैमानिकाने वाटेत त्यातला बराचसा उशीर भरून काढला, आणि लंडनचे दिवे दिसू लागावेत अशा वेळी आम्ही आकाशात गोल फिरू लागलो. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आहेत, आणि वर्षाला चार लाख ऐंशी हजार उड्डाणांची व उतरण्यांची मर्यादा. म्हणजे सरासरीने दिवसाला तेराशे. विमाने मुंग्यांसारखी येतात. म्हणून शहराभोवती बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन हिल आणि ऑकम अशा चार ठिकाणी त्यांना एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतराने, घिरट्या घालायला लावतात, आणि खालच्या थरातले एकेक काढून घेतात. हे रोजचेच आहे. आत्या म्हणाली, "अरे, हे प्रदक्षिणा का घालतंय?" मी घड्याळाकडे पाहत होतो.

पाऊण तास गेला होता तेव्हा विमान जागेवर लागले. आत्यासाठी चाकांची खुर्ची सांगितली होती, आणि ती बिचारी अगदी वेळेवर दाराशी उभी होती. पण खुर्चीवाल्या प्रवाशाने सर्वांच्या शेवटी उतरायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हणजे मी कोणाला विचारले नव्हते. अडीचशे माणसे आपापल्या पिशव्या काढीत, स्वेटर चढवीत, आत्याकडे पाहून हसत निघून गेली. मग आम्ही. पुढे बस, कारण दुसरे विमान दुसऱ्या टर्मिनलवरून. मग पुन्हा झडती. मुंबईला झडती झाली ती मुंबईची; लंडनला विमान बदलणाऱ्याची लंडनवाले नव्याने घेतात.

तिथे आत्याच्या पिशवीतला डबा निघाला. डिंकाचे लाडू, बत्तीस. बाळंतिणीसाठी. क्ष-किरणांच्या पडद्यावर एवढा घट्ट, गोल, ओळीने लावलेला ऐवज पाहून कोणत्याही कर्तव्यदक्ष माणसाने पिशवी बाजूला काढावी, यात त्याचा दोष नाही. त्याने डबा उघडला, नम्रपणे हुंगला, एक कागदी चकती फिरवून कुठल्याशा यंत्रात घातली. आत्या त्याला मराठीतून खारीक-खोबऱ्याचे प्रमाण सांगत होती. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावीत होता. सात मिनिटे गेली.

विमान आठ पंचावन्नला सुटायचे होते. आठ पन्नासला आम्ही दाराशी पोहोचलो. काचेपलीकडे ते उभे होते. इतके जवळ की खिडक्या मोजाव्यात. पण सुटण्याची वेळ म्हणजे विमान हलण्याची वेळ. त्याचे दार त्याच्या कितीतरी आधी मिटते. एस.टी.च्या दांडीला लोंबकळून चढण्याची सोय तिथे नाही.

मला पहिल्यांदा राग आला तो त्या मिटलेल्या दाराचा. पण तिथल्या बाईने सांगितले की आमच्या दोन ट्रंकाही विमानात चढवलेल्या नाहीत, तेव्हा मी गप्प झालो. प्रवासी नाही तर त्याचे सामानही नाही, हा नियम उगाच झालेला नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले आणि ३२९ माणसे गेली. व्हँकूव्हरला एका बॅगेवर पुढच्या विमानाची चिठ्ठी लागली होती. टोरांटोला ती जोडणीच्या विमानातून पुढे गेली, आणि तिचा धनी कोणत्याच विमानात बसलेला नव्हता. तेव्हापासून माणूस आणि सामान यांचा मेळ बसवण्याचे नियम कडक होत गेले. या मेळालाही वेळ लागतो, आणि तोही त्या एक तास चाळीस मिनिटांतच बसायचा असतो.

तिकीट एकच होते, म्हणून कंपनीने पुढच्या विमानात फुकट जागा दिली. स्वस्त पडतात म्हणून दोन निरनिराळी तिकिटे काढणाऱ्याला हा आधार नसतो; पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला कर्तव्य नसते. जागा मिळाली ती मात्र संध्याकाळी पाचच्या विमानात. वाचवलेल्या तीन तासांच्या बदल्यात आम्हांला आठ मिळाले.

अकरा वाजता बॉस्टनहून फोन आला. तिकडे पहाटेचे सहा. लेकीला दवाखान्यात हलवले होते. बारा दिवस आधीच.

सकाळचे विमान मिळाले असते तर आत्या तिकडच्या सव्वाअकराला उतरली असती. हा हिशेब मी केला, आणि तिनेही केला असणार. ती जुन्या अकरावीची, गणितात पहिली आलेली. ती काही बोलली नाही. काचेशी खुर्ची लावून विमाने पाहत राहिली. दुपारी तीनच्या सुमाराला म्हणाली, "आता उतरणारी त्या बाजूला उतरायला लागली बघ." खरेच होते. वारा पश्चिमेचा असला की दुपारी तीनला हीथ्रोवाले दोन्ही धावपट्ट्यांची कामे अदलाबदल करतात. आजूबाजूच्या वस्तीला निदान अर्धा दिवस तरी कान मिळावेत म्हणून. मी थक्क झालो. इतका वेळ ती नुसती बसली नव्हती.

मग तिने आपणहून सांगितले, "मानसीच्या वेळेला तुझी आजी निघाली होती बार्शीहून. डॉक्टरांनी मला हलू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून माहेरपण राहिलं आणि तीच मुंबईला यायला निघाली. छोटी गाडी उशिरा आली. कुर्डुवाडीला मोठी निघून गेलेली. रात्रभर बसली फलाटावर एकटी, डब्यावर हात ठेवून. ती आली तेव्हा मानसी पाळण्यात होती." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या वडिलांनी त्यानंतरच तो नियम केला. आधीची गाडी पकडायचा."

हे मला ठाऊक नव्हते. आम्ही हसत असू तेव्हा त्यांनी कधी सांगितले नाही.

नात जन्मली तेव्हा आम्ही अटलांटिकवर होतो. उतरल्यावर जावईबापू आले होते; ते तिकिटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ही त्यांची थोरवी. लाडू मात्र बत्तीसच्या बत्तीस पोहोचले.

परतीचे तिकीट मी तिथेच बदलून घेतले. फरकाचे पैसे भरले. तिथे एका गृहस्थांनी सांगितले की अमेरिकेत उतरून पुढच्या गावाला जाणाऱ्याने तर याहून जपावे. कारण सामान पार शेवटच्या गावापर्यंत लावलेले असले, तरी पहिल्याच विमानतळावर पासपोर्टाच्या रांगेतून जाऊन ते स्वतः उचलावे लागते, कस्टममधून न्यावे लागते आणि पुन्हा सोपवावे लागते. अबू धाबी किंवा डब्लिनवरून गेल्यास ही अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते. मात्र मग तो वेळ तिथे धरावा लागतो.

येताना लंडनला आम्हांला साडेचार तास होते. खुर्ची ढकलायला एक पंजाबी बाई होत्या. आत्याने त्यांना घाई करू नका म्हणून हिंदीत सांगितले, वाटेत दोनदा थांबून गुडघे चोळले, हातपाय धुतले, आणि चहा घेतला. चहा तिला आवडला नाही. मग काचेशी बसून तिने मला विचारले, "तीन वाजले का रे?"