अनसिंगची माती आणि गारगोटीचे पीठ

वाचकहो, वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागलात म्हणजे वाटेत अनसिंग येते. शृंगऋषींच्या देवस्थानाचे हे गाव. दर्शन तर घ्याच, पण एखाद्या बांधाशी थांबून मूठभर काळी मातीही हातात घ्या. ओली असली तर बोटांना चिकटते, आणि उन्हाळ्यात तिलाच पाय अडकेल अशा भेगा पडतात. काळा दगड शतकानुशतके पाण्याने कुजून ही माती झाली. तोच दगड गिरणीत कितीही दळा, दगडाचे पीठ मिळेल, चिकणमाती मिळणार नाही. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान!

ही माती फुगते आणि आकसते फार, म्हणून नुसत्या तिचे मडके तडकते. कुंभारदादा त्यात राख, लीद मिसळतात. माती कुटायची, चाळायची, पाण्यात कालवायची. वाळू तळाशी बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे. निम्म्या जाडीच्या कणाला तळ गाठायला चौपट वेळ लागतो. आम्ही कृषी खात्यातली मंडळी माती तपासतो ती याच हिशेबावर. कुंभाराला तो पुस्तकाविना ठाऊक आहे.

आपल्याच विदर्भात भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी कुंभारकामाला नवे वळण दिले. सवड काढून तेही पाहावे.

कपबशी आणि फरशीसाठी मात्र गारगोटी व फेल्स्पार हे दगड दळावे लागतात. आडवे पिंप, त्यात दगडाचा चुरा, पाणी आणि चिनी मातीचे गोळे. पिंप फिरले की गोळे वर चढून कोसळतात व चुरा भरडतात. गती कमी पडली तर गोळे नुसते घरंगळतात. अती झाली तर पिंपालाच चिकटून फिरतात, दळण जागच्या जागी! लोखंडी गोळे चालत नाहीत, कारण त्यांची झीज पांढऱ्या मालावर डाग पाडते.

आता घरच्यांनी नीट ऐकावे. आपल्याकडची मुले कामासाठी दूरच्या कारखान्यांत जातात. गारगोटीची कोरडी धूळ श्वासावाटे फुप्फुसात रुतली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेल्या उपरण्यातून हे कण आरपार जातात. तेव्हा पगार विचारण्याआधी विचारा: दळण ओले की कोरडे? धूळ ओढून घेणारा पंखा आहे का? कामावर जाण्यापूर्वी छातीचा फोटो काढून तो घरी जपून ठेवा, आणि पुढे दम लागू लागला तर डॉक्टरांना काम कोणते केले ते आधी सांगा.