कोळशाच्या वखारीतील तळे

लंडनमधील किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रास या गजबजलेल्या रेल्वेस्थानकांमागे, रीजंट्स कालव्याच्या काठी, जेमतेम दोन एकरांचे ‘कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क’ आहे. रेल्वेने येणारा कोळसा एकेकाळी येथे उतरवला जाई. पुढे वखार बंद पडली आणि जमीन ओसाड झाली. तेथे तळे खोदून, पाणवनस्पती व झाडे लावून १९८५ मध्ये हे उद्यान खुले झाले.

मुलांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांचे दिवस पुष्कळदा चार भिंतींत सरतात. मोठी प्रेक्षणीय स्थळे पायांना झेपत नाहीत आणि त्यांना एकटे सोडण्यास घरच्यांचे मन धजत नाही. येथे मात्र फार चालावे लागत नाही. लव्हाळ्यांतून पाणकोंबडी डोकावते, शेजारच्या कालव्यातून नौका संथपणे सरकते. प्रवेशाला शुल्क नाही. वेळा तेवढ्या आधी पाहून घ्याव्यात.

उबदार कपडे आणि पकड असलेली पादत्राणे घालावीत. पावसानंतर वाटा निसरड्या होतात, तेव्हा सोबत्याने हात द्यावा. ज्येष्ठांच्या चालीने चालावे आणि ते पाण्याकडे पाहत बसले की उठण्याची घाई करू नये. तो निवांत अर्धा तास दोघांनाही हवा असतो.